वहीतले शब्द

गेल्या वर्षीच्या पावसाळ्यातील एका शनिवारची गोष्ट. संध्याकाळची मिस्सा आटोपून आम्ही कचेरीत जन्मदाखल्यांची पत्रे पाहत बसलो होतो. छत्री मिटवीत आमच्या धर्मग्रामातील एक मुलगी दारात येऊन उभी राहिली. ही मुलगी परिचारिका आहे. शिक्षण पुरे करून दोन वर्षे एका रुग्णालयात काम करते आणि आता तिला आयर्लंडला जायचे आहे. त्यासाठी इंग्रजीची परीक्षा द्यावी लागते. वैद्यकीय क्षेत्रातील उमेदवारांसाठी ‘ओईटी’ नावाची स्वतंत्र परीक्षा असते, तिची तयारी चालली होती. हातात दोनशे पानी वही होती.

“फादर, शब्द पाठच होत नाहीत. रात्री पाठ करते, सकाळी ड्यूटीवर जाईपर्यंत निम्मे विसरते. आई म्हणाली, फादर सेमिनरीत लॅटिन शिकलेत, त्यांना विचार.”

आम्ही वही उघडली. डाव्या बाजूला इंग्रजी शब्द, उजव्या बाजूला मराठी अर्थ, मध्ये पट्टीने आखलेली तांबडी रेघ. शिधावाटप दुकानासमोरच्या रांगेसारखे शब्द एकामागे एक उभे होते. कुणाचा कुणाशी संबंध नाही, नुसता नंबर लागण्याची वाट पाहणे. आम्हाला हसू आले, कारण अशीच एक वही आमच्या कपाटाच्या तळाशी गेली अडतीस वर्षे पडून आहे.

आमचे सारे शालेय शिक्षण मराठीतून झाले. घरी बोली, शाळेत पुस्तकी मराठी, आणि इंग्रजीशी पहिली भेट झाली ती पाचवीत. त्या काळी मराठी शाळांत तसाच नियम होता. पहिलीपासून इंग्रजी हे सन २००० नंतरचे. त्यामुळे १९८६ साली दहावी होऊन आम्ही सेमिनरीत दाखल झालो, तेव्हा ‘मे आय गो आऊट’ आणि गाईवरचा निबंध एवढ्या भांडवलावर तत्त्वज्ञानाच्या उंबरठ्याशी जाऊन बसलो होतो. तेथे प्रार्थना इंग्रजीत, व्याख्याने इंग्रजीत, जेवताना मोठ्याने वाचले जाणारे संतचरित्रही इंग्रजीत. शहरातून आलेली मुले विनोदावर हसत, मग त्यांच्याकडे पाहून आम्ही हसत असू. विनोद कळत असे तो रात्री, अंथरुणावर पडल्यावर.

तेव्हा आम्ही वही घातली. रोज दहा शब्द. ग्रंथालयातील एक जुना, पाठीचे कापड सुटलेला शब्दकोश हा आमचा गुरू. नवा, अवघड, लांबलचक शब्द सापडला की आंब्याच्या दिवसांत पाड लागलेला आंबा हाती आल्याचा आनंद होई. सोप्या शब्दांचा आम्हाला तिटकारा वाटू लागला. ‘बिग’ लिहिण्याऐवजी ‘कोलॉसल’ लिहिता येत असेल तर ‘बिग’ कशाला, असे आमचे मत होते.

या मताची फळे मिळायला वेळ लागला नाही. दुसऱ्या वर्षी एका पाहुण्या प्राध्यापकांचे स्वागत करण्याचे काम आमच्यावर आले. आम्ही आठ दिवस भाषण घोकले आणि सर्वांसमोर त्यांच्या ‘इग्रीजिअस’ सेवेबद्दल त्यांचे आभार मानले. कोशात त्या शब्दाचा पहिला अर्थ ‘असामान्य, उठून दिसणारा’ असा आम्ही वाचला होता. सभागृहात आधी शांतता पसरली, मग मागच्या बाकांवरून हशा उसळला. आज इंग्रजीत हा शब्द केवळ वाईटाला लावतात: घोडचूक, उघडउघड अन्याय, निर्लज्ज खोटेपणा. पाहुणे मात्र सज्जन होते. सभा संपल्यावर त्यांनी आम्हाला बाजूला घेतले आणि सांगितले की लॅटिनमध्ये ‘ग्रेक्स’ म्हणजे कळप, आणि कळपातून वेगळा उठून दिसणारा तो ‘इग्रीजिअस’. पूर्वी इंग्रजीतही तो स्तुतीचाच शब्द होता. इटलीत आजसुद्धा पत्राच्या मायन्यात ‘एग्रेजिओ’ असे आदराने लिहितात. “तुमचा शब्द चुकला नाही, तुम्ही तीनशे वर्षे उशिरा आलात,” ते म्हणाले.

त्या दिवशी लाजेने आमचे कान तापले होते, पण त्याच दिवशी शब्दांची कुळे असतात हेही कळले. ‘ग्रेक्स’च्या घराण्यात ‘काँग्रिगेशन’ आहे, म्हणजे एकत्र जमलेला कळप, आणि ‘सेग्रिगेट’ आहे, म्हणजे कळपातून वेगळे काढणे. मेंढपाळाचे काम करू इच्छिणाऱ्याला हे घराणे ठाऊक असणे बरे.

आमच्या काळापर्यंत सेमिनरीतले लॅटिनचे तास आटत आले होते. तरी जे थोडे पदरात पडले ते पुढे जन्मभर पुरले. त्या शनिवारी आम्ही त्या मुलीची वही बाजूला ठेवली आणि तिला विचारले, “मिस्सा हा शब्द कुठून आला?”

तिने मान हलवली. लॅटिन उपासनेच्या अखेरीस धर्मगुरू लोकांना निरोप देताना जे म्हणत, त्यात ‘मिस्सा’ हा शब्द होता. त्याचा संबंध ‘मित्तेरे’ या क्रियापदाशी, म्हणजे पाठवणे. पोर्तुगिजांच्या तोंडून तो आपल्याकडे आला आणि चारशे वर्षे आपल्या आज्यापणज्यांच्या तोंडी राहिला, म्हणून तो आपल्याला घरचाच वाटतो. आता त्याच धातूपासून इंग्रजीत काय काय झाले ते पाहा: पाठवलेला तो ‘मिशनरी’, परत पाठवणे ते ‘डिसमिस’, पाठवलेले पैसे ते ‘रेमिटन्स’, आणि फेकून पाठवलेले ते ‘मिसाइल’.

“म्हणजे फादर, तुम्ही आणि क्षेपणास्त्र एकाच घरचे!” ती म्हणाली.

आम्ही ते कबूल केले. मग ‘रेमिशन’कडे आलो. धर्मशिक्षणात त्याचा अर्थ पापांची क्षमा. तिच्या रुग्णालयात मात्र कर्करोगाची लक्षणे ओसरली की त्यालाही ‘रेमिशन’च म्हणतात. रोग मागे परतवला गेला, पण तो पुन्हा येणारच नाही असे वचन त्या शब्दात नाही. हे तिला आमच्याहून चांगले ठाऊक होते. घरी गेलेले रुग्ण परत आलेले तिने पाहिले होते.

मग पुढचे काही शनिवार आमची शाळाच भरू लागली. ‘पेशंट’ आणि ‘पॅशन’ ही भावंडे, दोघांचे मूळ ‘सोसणे’. आपण प्रभूच्या दुःखसहनाला ‘पॅशन’ म्हणतो आणि खाटेवरच्या माणसाला ‘पेशंट’, ते एकाच सोसण्यावरून. ‘पॅलिएटिव्ह’ म्हणजे रोग बरा न करता वेदना शमवणारा उपचार. त्याच्या मुळाशी ‘पॅलियम’ आहे, अंगावर पांघरण्याचा झगा. महाधर्मप्रांताच्या आर्चबिशपांना पोपमहोदय जी लोकरीची पट्टी देतात तिलाही ‘पॅलियम’च म्हणतात. वेदनेवर पांघरूण घालणे! ही गोष्ट ऐकल्यावर तो शब्द ती कधी विसरली नाही.

सगळ्यांत मौज वाटली ‘प्रोग्नोसिस’ची. हा शब्द ग्रीक आहे. ‘प्रो’ म्हणजे आधी, ‘ग्नोसिस’ म्हणजे ज्ञान. रोग पुढे कोणते वळण घेईल याचा आधी बांधलेला अंदाज. पण ग्रीकांचा ‘प्रो’ आणि आपला ‘प्र’, त्यांचे ‘ग्नो’ आणि आपले ‘ज्ञा’ ही मुळात एकच. अवयव जोडले तर ‘प्रोग्नोसिस’ म्हणजे आपले ‘प्रज्ञान’ होते, अर्थ वेगळ्या वाटेने गेला एवढेच. ‘अग्नॉस्टिक’मधला ‘अ’ आणि आपल्या ‘अज्ञ’मधला ‘अ’ हेही तसेच सख्खे.

हे नाते युरोपातील विद्वानांपुढे १७८६ साली कलकत्त्यात सर विल्यम जोन्स यांनी मांडले, असे सर्वत्र सांगितले जाते आणि ते रास्तही आहे. परंतु त्यांच्या दोनशे वर्षे आधी, १५८३ साली, गोव्याहून आपल्या भावाला लिहिलेल्या पत्रात फादर थॉमस स्टीफन्स यांनी इथल्या भाषांची घडण ग्रीक आणि लॅटिनसारखी असल्याचे नोंदवले होते. हे तेच ‘क्रिस्तपुराण’कार. जन्माने इंग्रज. १५७९ साली तिशीच्या वयात गोव्याला उतरले. छापील कोश नाही, व्याकरण नाही, शिकवणी नाही. कोकणीचे व्याकरण त्यांनी स्वतःच लिहिले, आणि ते छापले गेले १६४० साली, त्यांच्या मृत्यूनंतर एकवीस वर्षांनी. मराठीत मात्र त्यांनी सुमारे अकरा हजार ओव्या रचल्या आणि १६१६ साली राशोलला त्या छापल्या गेल्या, त्याही रोमन अक्षरांत, कारण देवनागरीचे खिळे नव्हते. इंग्रजीचा धसका घेतलेल्या आपल्या मुलांना आम्ही नेहमी सांगतो की, बाळांनो, एका इंग्रजाने आपली भाषा अशी शिकली होती. त्याने मराठीला भारी शब्दांची वखार मानले नाही. बाजारात, शेतात, देवळाच्या पायरीवर लोक काय बोलतात ते आधी ऐकले.

इथे थोडे विषयांतर करतो. हल्ली ‘तीस दिवसांत पाचशे शब्द’ अशा पुस्तिका स्थानकाबाहेर विकत मिळतात, मोबाइलवरही तसलेच रतीब असतात. त्यांच्यावर आमचा राग नाही, पण विश्वासही नाही. शब्द एकटा राहत नाही. त्याला शेजार असतो. आपण ‘मुसळधार पाऊस’ म्हणतो, ‘मुसळधार वारा’ म्हणत नाही. चहा कडक असतो, त्याला कुणी बलवान म्हणत नाही. हे आपल्याला कुणी शिकवले नाही. इंग्रजीतही तसेच आहे, पण तेथे आपण परके असल्यामुळे शेजार चुकतो. ए. एस. हॉर्नबी हे इंग्रज गृहस्थ जपानमध्ये शिकवीत असत. परक्या विद्यार्थ्याचे पाऊल कुठे अडखळते हे पाहून त्यांनी सहकाऱ्यांसह खास शिकणाऱ्यांसाठी कोश तयार केला. तो १९४२ साली टोकियोत छापला गेला आणि १९४८ साली ऑक्सफर्डने काढला. नुसता अर्थ न देता शब्द वाक्यात कसा बसतो हे तो दाखवतो. आम्ही तो दीक्षाविधीच्या वेळी भेट आलेल्या पैशांतून घेतला. आधी घेतला असता तर कदाचित ‘इग्रीजिअस’ प्रकरण टळले असते.

असो. चौथ्या की पाचव्या शनिवारी वहीचे पान उलटताना ती थांबली. “फादर, हा एक शब्द राहिला. ‘गार्डेड’. याचं मूळ काय?”

आम्ही सवयीने सांगू लागलो की, हा लॅटिन नव्हे, जुन्या फ्रेंचमधून आलेला आहे. ‘गार्ड’ आणि तुमच्या रुग्णालयातला ‘वॉर्ड’ ही एकाच शब्दाची दोन रूपे. मराठीत त्याचीच ‘गारद’ झाली. सांगता सांगता आमचा आवाज बसला. त्या शब्दापुढे तांबड्या रेघेपलीकडची जागा कोरी होती.

“मूळ कळलं, पण मराठीत लिहू काय?” ती म्हणाली. “डॉक्टर रोज म्हणतात, ‘प्रोग्नोसिस गार्डेड’. मग बाहेर येऊन नातेवाईक आम्हाला विचारतात, सिस्टर, काय म्हणाले? परीक्षेतही तसंच असतं. रुग्णाशी बोलून दाखवायचं, जड शब्द न वापरता. मला इंग्रजीत जमतं. मराठीतच जमत नाही.”

आम्ही तिला त्या दिवशी लवकर घरी पाठवले.

आता जे सांगायचे आहे त्यासाठीच हा लेख लिहायला घेतला, बाकीचे सारे वाटेत लागले. १९९९ साली आम्ही याच धर्मग्रामात साहाय्यक धर्मगुरू होतो. दीक्षा होऊन दोनच वर्षे झाली होती. जुलै महिन्यात या मुलीचे आजोबा वाडीत केळीला माती लावताना भोवळ येऊन पडले. मेंदूत रक्तस्राव झाला होता. त्यांना शहरातील एका रुग्णालयात नेले. त्यांचा मुलगा, म्हणजे या मुलीचे वडील, कुवेतहून रजेवर आलेला होता. मुलीचा तेव्हा जन्मही झाला नव्हता. आम्ही तैलाभ्यंगाचा संस्कार देण्यासाठी गेलो. संस्कार झाल्यावर घाईत असलेले एक तरुण डॉक्टर आमचा झगा पाहून आमच्याशी इंग्रजीत बोलले. बऱ्याच गोष्टी सांगितल्या, आणि शेवटी, “प्रोग्नोसिस इज गार्डेड, फादर.” आम्ही मान डोलावली.

बाहेरच्या बाकावर मावशी आणि त्यांचा मुलगा बसले होते. “काय म्हणाले, फादर?”

‘प्रोग्नोसिस’ आम्हाला येत होते. त्याचे ग्रीक मूळही येत होते. ‘गार्डेड’ तर सोपाच शब्द वाटला, वहीत कधी लिहिला नव्हता इतका सोपा. गार्ड म्हणजे पहारा, गारद, राखण. आम्ही म्हणालो, “राखणीत आहेत. जपताहेत त्यांना. काळजीचं कारण नाही.”

मुलाची रजा गुरुवारी संपत होती. कंपनी एक दिवस वाढवून द्यायला तयार नव्हती. त्याने आम्हाला विचारले, “मग जाऊ मी?” आम्ही म्हणालो, “जा. आम्ही आहोत इथे.”

रविवारी पहाटे आजोबा वारले. सोमवारी संध्याकाळी आम्हीच दफनविधी केला. मुलगा परत येऊ शकला नाही. कुवेतहून त्याचा फोन धर्मग्रामाच्या कचेरीत आला तो आम्हीच घेतला. पलीकडून शब्द येत नव्हता, नुसता श्वास ऐकू येत होता.

त्यानंतर सुमारे वर्षाने एका इंग्रजी वर्तमानपत्रात कुणा मोठ्या माणसाच्या आजाराच्या बातमीत तोच शब्द दिसला, आणि पुढल्याच ओळीत त्या माणसाचे नातेवाईक परदेशाहून निघाल्याचे छापले होते. आम्ही कोश काढला. ‘गार्डेड’ म्हणजे सावध, हातचे राखून बोललेले. ओळखीच्या एका डॉक्टरांना विचारले, तेव्हा ते म्हणाले, “आम्ही गार्डेड म्हणतो तेव्हा रुग्ण राखणीत नसतो, फादर. आमचं बोलणं राखून असतं. काहीही होऊ शकतं, म्हणून आम्ही वचन देत नाही.”

पहारा होताच, तो डॉक्टरांच्या जिभेवर. आम्ही तो रुग्णाच्या उशाशी नेऊन ठेवला होता.

हे आम्ही पापनिवेदनात सांगितले. ऐकणारे वृद्ध धर्मगुरू म्हणाले की हे पाप नव्हे, चूक आहे. तो भेद आम्हाला तेव्हा फार सोयीचा वाटला. मावशींना सांगून आता काय होणार, जुन्या जखमेला हात कशाला, असे मनाशी म्हणत राहिलो. पुढे बदली झाली. फिरत फिरत आम्ही प्रमुख धर्मगुरू म्हणून इथे परत आलो तोवर मावशी वारल्या होत्या.

त्या शनिवारनंतरच्या रविवारी, दुपारी, आम्ही त्यांच्या वाडीवर गेलो. मुलीचे वडील कुवेतची नोकरी सोडून आता वाडीच पाहतात. केळीची सुकलेली पाने कोयत्याने उतरवीत होते. आम्ही उभ्या उभ्याच सारे सांगितले. डॉक्टर काय म्हणाले, आम्ही काय समजलो, आम्हाला खरे केव्हा कळले, आणि कळल्यानंतर किती वर्षे गप्प राहिलो तेही. त्यांनी कोयता केळीच्या बुंध्याला टेकवून ठेवला. बराच वेळ ते बोलले नाहीत. पाटाचे पाणी तेवढे वाहत होते.

“डॉक्टर आदल्या दिवशी माझ्याशीही तेच बोलले होते, फादर,” ते अखेर म्हणाले. “सहा वर्षं कुवेतला इंग्रजीतच काम करत होतो मी. मला शब्द कळला नाही. विचारायची लाज वाटली. मग तुम्ही सांगितलंत, तर बरं वाटलं. बरं वाटलं म्हणून गेलो.”

थोड्या वेळाने म्हणाले, “आईला मात्र सांगायला हवं होतं तुम्ही. ती मरेपर्यंत म्हणायची, माझ्या सेवेत काहीतरी कमी पडलं. चांगला होता, म्हणायची, फादरांनी सांगितलं होतं चांगला आहे म्हणून.”

यावर आमच्यापाशी उत्तर नव्हते. त्यांनी आम्हाला घरी नेले. मुलगी रात्रपाळी करून झोपून उठली होती. चहा झाला. वडिलांनी तिला वही आणायला सांगितली आणि तो शब्द कुठे आहे ते विचारले. तिने पान काढून दिले. चष्मा जवळ नसल्यामुळे त्यांनी वही हात लांब करून धरली, मग तिच्याकडे परत दिली आणि म्हणाले, “लिही आता.”

तिने आमच्याकडे पाहिले, वडिलांकडे पाहिले आणि तांबड्या रेघेपलीकडे लिहिले: ‘आज काही सांगता येत नाही. बरे होतील, न होतील. घरच्यांनी लांब जाऊ नये.’